माळ, तार आणि भाऊबंदकी

येवला, चांदवड, नांदगाव या पट्ट्यात जमिनीच्या वाटणीचा एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण तलाठ्यापासून तान्ह्या पोरापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. थोरल्याला विहिरीजवळचा मळा, मधल्याला रस्त्याकडेचे वावर आणि धाकट्याला माळ. माळ म्हणजे जिथे नांगर घातला की मुरूम निघतो, कुदळ मारली की खडक निघतो आणि तिन्हीसांजेला गेले की कोल्हा निघतो. पीक तेवढे निघत नाही. त्यातच माळावरून विजेच्या मोठ्या लाइनच्या तारा गेलेल्या असतात आणि कडेला सबस्टेशन असते. तिथली अखंड घरघर ऐकून शेळ्या दूध चोरतात, अशी गावाची समजूत. धाकट्याने कुरकुर केलीच तर, ‘‘तू अजून तरणा आहेस, माळाचं सोनं करशील,’’ असा आशीर्वाद देऊन थोरला त्याचा अंगठा दाबून घेतो.

अशा धाकट्यांचे ग्रह गेल्या काही वर्षांत एकाएकी पालटले आहेत. माळावर पांढऱ्या गाड्या येऊ लागल्या आहेत. गाडीतून कडक इस्त्रीचा माणूस उतरतो आणि भाड्याने जमीन हवी म्हणतो.

जमीन पाहायला आलेल्या माणसाने काय विचारावे याचेही आमच्याकडे संकेत आहेत. पाणी किती फुटांवर, माती काळी की बरड, वाट कुणाच्या बांधावरून. हा गृहस्थ मातीकडे पाहतच नाही. तो मान वर करून तारांकडे पाहतो, मोबाइलमधल्या नकाशावर बोट फिरवतो आणि विचारतो, ‘‘सबस्टेशन इथून किती मीटर?’’

ही बातमी थोरल्याला लागली की तो गृहस्थाला आग्रहाने मळ्यात नेतो. काळीभोर जमीन, दोन विहिरी, डाळिंबाची बाग, ठिबक. चहा होतो, पेरू होतात. गृहस्थ अदबीने म्हणतो, ‘‘फार सुंदर. पण लांब आहे.’’

‘‘लांब? गाव तर हे इथं. कशापासून लांब?’’

‘‘तारेपासून.’’

थोरल्याने आयुष्यभर तारेपासून लांब असणे हेच मळ्याचे वैभव मानलेले. दोन पिढ्यांचे शेणखत, तीनदा खोल केलेली विहीर, शेजाऱ्याशी पाटाच्या पाण्यावरून झालेली मारामारी, सगळे या पाच अक्षरी शब्दापुढे फुकट गेले. कंपनीला माती नको असते, पाणी नको असते, शेतकऱ्याचा घाम तर मुळीच नको असतो. तिला हवे असते तारेचे शेजारपण. ते पैसे देऊन तयार करता येत नाही आणि नांगरूनही उगवत नाही.

याची सवय गावाला आधी सौरवाल्यांनी लावली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ सालची. शेतीला दिवसा वीज मिळावी, रात्री बारा वाजता बिबट्याच्या साक्षीने दारे धरायची वेळ येऊ नये, हा तिचा हेतू. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि सबस्टेशनजवळच्या जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, वर दरसाल ३ टक्के वाढ, असा दर जाहीर झाला. म्हणजे एकरी साधारण ५० हजार. गावाने हा हिशेब एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर पुढे चालवला, तेव्हा पंचविसाव्या वर्षी भाडे एकरी लाखाच्या वर गेले. कुणीतरी भाबडेपणाने विचारले, ‘‘आणि पंचविसाव्या वर्षी कांद्याला काय भाव असेल?’’ पारावर कुणी बोलेना. येत्या गुरुवारचा भाव विचारला असता तरीही कुणी बोलले नसते.

सौरवाल्यांच्या पाठोपाठ आता बॅटरीवाले आले. कारण सोपे आहे. सूर्य दुपारी वीज ओततो आणि माणसे घरी येऊन टीव्ही, पंखा, मिक्सर संध्याकाळी सात वाजता लावतात. दोघांची भेट घडवायची तर मधल्या काळात वीज कुठेतरी ठेवायला हवी. घाटघरला ती पाण्याच्या रूपाने ठेवतात: वर एक धरण, खाली एक धरण, वीज उरली की पाणी वर चढवायचे, लागली की खाली सोडायचे आणि २५० मेगावॅट काढायचे. पण प्रत्येक माळाशेजारी सह्याद्रीचा कडा नसतो. म्हणून बॅटऱ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणानेच सल्ला दिला की यापुढे सौर प्रकल्पांच्या निविदा काढताना क्षमतेच्या किमान १० टक्के आणि दोन तास पुरेल एवढी साठवण सोबत मागा. सल्ला दिल्लीत निघाला आणि पांढरी गाडी माळावर पोचली.

बॅटरी म्हणजे ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची मोठी बहीण असेल, अशी गावाची कल्पना होती. गृहस्थाने लॅपटॉपवर चित्र दाखवले. मालगाडीवर असतात तसले वीस फुटी कंटेनर, ओळीने मांडलेले. एकेका कंटेनरमध्ये पाच हजार युनिटच्या घरात वीज मावते म्हणे. सौरला मेगावॅटमागे चार-पाच एकर लागतात. याला त्या मानाने कोपरा पुरतो. ‘‘दिवसा वीज स्वस्त असते तेव्हा भरायची, संध्याकाळी महाग होते तेव्हा सोडायची,’’ असे सांगून तो पीक अवर, ऑफ-पीक अवर अशा गहन प्रदेशात शिरला. तेवढ्यात लिंबाखाली बसलेल्या तात्यांनी विडी विझवली आणि म्हणाले,

‘‘म्हंजी कांद्याची चाळ.’’

गृहस्थाने आधी नाही म्हटले, मग विचार केला आणि हो म्हटले. तिथून पुढे सभेची सूत्रे त्याच्याकडे राहिली नाहीत. कारण उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये काढायचा, सगळ्यांचाच एकदम निघाल्याने भाव पडलेला असतो म्हणून चाळीत भरायचा, आणि पावसाळ्यानंतर भाव येईल या आशेवर लासलगावच्या बाजाराकडे कान लावून बसायचे, या धंद्यात आमच्या तालुक्याची हयात गेली आहे. स्वस्तात भरून महागात विकणे हा शोध कुणी लॅपटॉपवर दाखवावा आणि आम्ही थक्क व्हावे, एवढे आम्ही नवखे नाही. प्रश्न सुरू झाले.

‘‘घट किती येती?’’

‘‘शंभर युनिट भरली तर पंच्याऐंशीच्या आसपास परत मिळतात.’’

‘‘पंधरा टक्के? चांगलंय. आमचा कांदा तीस-चाळीस टक्के जातो. कोंब येतात, सडतो, वजन उतरतं. पण तो पाच महिने असतो. तुमची वीज किती दिवस ठेवता?’’

‘‘दिवस नाही तात्या, दोन-चार तास.’’

‘‘दोन-चार तासांत पंधरा टक्के घट?’’ तात्यांनी सभेकडे पाहिले. ‘‘साहेब, तुमच्या चाळीला हवा नीट खेळत नसंल. खालून फट ठेवा.’’

गृहस्थाने सांगितले की हवेचा प्रश्नच नाही, आत थंडावा ठेवणारी यंत्रणा असते, बॅटरीला पंचवीस अंशांच्या आसपास बरे वाटते. बाहेर मे महिना होता. ऐकणाऱ्यांच्या सदऱ्यांवर घामाचे नकाशे उमटले होते. कंटेनरला एसी मिळणार हे ऐकून दोन-तीन तरण्या पोरांनी तिथे वॉचमनची जागा आहे का, याची चौकशी केली आणि बसायला आत परवानगी असते का, हेही विचारून ठेवले.

‘‘अनुदान?’’

अनुदान होते. केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये ४,००० मेगावॅट-तास बॅटरी साठवणीसाठी भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत देण्याची योजना मंजूर केली आहे. ‘‘आम्हालाबी आहे की चाळीला,’’ एकाने अभिमानाने सांगितले. ‘‘ऑनलाइन फॉर्म भरलाय. यादीत नाव निघालं की मिळणार.’’ नाव निघायचे राहिले होते, चाळ मात्र बांधून, वापरून, एकदा वादळात पत्रे उडून पुन्हा शाकारून झाली होती.

‘‘आणि ऐन टायमाला भाव पडला तर?’’

या प्रश्नाला गृहस्थाने जे उत्तर दिले, त्याने पारावरची हवाच बदलली. तो म्हणाला की विजेच्या रोजच्या भावाशी कंपनीला फारसे देणेघेणे नसते. बॅटरी तयार ठेवायची, मागतील तेव्हा वीज घ्यायची आणि मागतील तेव्हा द्यायची. त्याबद्दल मेगावॅटमागे दरमहा ठरलेली रक्कम मिळते. करार आधीच होतो, बारा-पंधरा वर्षांचा.

‘‘म्हंजी चाळ नुस्ती तयार ठेवल्याचे पैसे?’’

‘‘हो.’’

‘‘तिच्यात कांदा किती, भाव काय, त्याचं काही नाही?’’

‘‘तसंच म्हणा.’’

तात्यांनी दुसरी विडी काढली, पण पेटवायचे विसरले. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारले, ‘‘विजेवर निर्यातबंदी येती का?’’ डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद झाली, तेव्हा या माणसाची चाळ अर्धी भरलेली होती. गृहस्थ म्हणाला, तसे काही नसते. माणूस उठून घरी गेला.

सभेत वातावरण फारच गढूळ झाल्याचे पाहून गृहस्थाने आपल्याही धंद्यातले दुःख उघडे केले. २०२२ मध्ये अशा साठवणीची पहिली मोठी बोली झाली तेव्हा मेगावॅटमागे महिन्याला पावणेअकरा लाखांच्या वर दर लागला होता. पुढे बॅटऱ्या स्वस्त झाल्या, बोली लावणाऱ्यांची झुंबड उडाली आणि दोन-तीन वर्षांत दर दोन लाखांच्या आसपास येऊन टेकला. हे ऐकताच सभेत प्रथमच कंपनीबद्दल माया उत्पन्न झाली. ‘‘आरारा,’’ तात्या म्हणाले, ‘‘तुमचाबी कांदा झाला की वो!’’ आणि गृहस्थासाठी दुसरा चहा आला.

एवढे प्रेम जमल्यावर करार व्हायला काय हरकत होती? पण पट्ट्याने जमीन देणे म्हटले की आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या अंगावर काटा येतो. त्याची तारीखसुद्धा ठरलेली आहे: १ एप्रिल १९५७. त्या दिवशी कुळकायद्याने कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मानीव खरेदीदार केले. कित्येकांना जमिनी मिळाल्या, कित्येकांच्या गेल्या, आणि दोन्ही घरांत ती तारीख मुलांच्या वाढदिवसांपेक्षा पक्की लक्षात राहिली. तेव्हापासून जमीन दुसऱ्याच्या हाती द्यायची ती तोंडी, नात्यातल्याला आणि दरवर्षी माणूस बदलून, असा शिरस्ता. आता धाकट्याच्या ऐंशी पार केलेल्या आईने एकच प्रश्न लावून धरला.

‘‘बॅटरी कुळ लागली तर?’’

तालुक्याच्या वकिलाने समजावले की कुळ लागायला जमीन कसावी लागते आणि बॅटरी काही कसत नाही. म्हातारीचे समाधान झाले नाही. ‘‘इतकी वर्षं वावरात बसून राहणार, त्याला हात लावायचा नाही, काढायचं नाही, आन् मालक म्हणे आम्हीच. कुळ याहून काय वेगळं असतं?’’ वकिलाने कलमे सांगितली. म्हातारीने गावातल्या चार घरांची नावे सांगितली. वकील हरला. शेवटी मोबाइलवर ई-पीक पाहणी भरणाऱ्या नातवाने शंका काढली, की पिकाच्या रकान्यात काय भरायचे? जिरायत लिथियम की बागायत लिथियम?

त्यापुढचा घाट सह्यांचा. कंपनीला निर्वेध जमीन लागते. आता सातबारा हा कागद निर्वेध असणे म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत शांतता असणे. धाकट्याच्या उताऱ्यावर वडिलांच्या पश्चात वारस लागले होते; त्यात बहिणी होत्या. २००५ च्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला आहे. माळाला शेळ्यांपलीकडे किंमत नव्हती तेव्हा हा कायदा गावात कुणाला आठवत नव्हता. आता भाऊबिजेच्या आधी सहा महिने बहिणींना फोन जाऊ लागले. ‘‘ताई, किती दिवस झाले आली नाहीस, आंबे उतरवलेत.’’ बहिणी आल्या, आंबे खाल्ले, साड्या घेतल्या आणि हक्कसोडीचा कागद पुढे सरकवताच म्हणाल्या, ‘‘सोडायचं कशाला? कंपनी आमच्या खात्यात वेगळं पाठवील की.’’ एवढा साधा विचार इतक्या वर्षांत कुणा भावाला सुचला नव्हता.

मग सोसायटीचा बोजा. कंपनी म्हणाली, कर्ज फेडून बोजा उतरवून आणा. गाव हादरले. पुढच्या निवडणुकीत कर्जमाफी येणार हे दिसत असताना आधीच कर्ज फेडणे, हे आमच्या बाजूला अपशकुन मानतात. धाकट्याने बोजा उतरवला तेव्हा सोसायटीच्या सचिवाने त्याला पाणी दिले आणि घरी सगळे ठीक आहे ना, असे विचारले.

मग मोजणी. माळाचा बांध शेजाऱ्याने दरवर्षी एक-एक तास कोरून बराच आत सरकवलेला होता. माळाचे काय कुणाला पडलेय म्हणून कुणी बोलले नव्हते. मोजणीदाराने खुणा लावल्या, तेव्हा बांध शेजाऱ्याच्या ज्वारीत निघाला. कंपनी त्या खुणांवर काटेरी तारेचे कुंपण घालणार आणि कॅमेरे लावणार म्हटल्यावर शेजाऱ्याच्या तोंडचे पाणी पळाले. बांध कोरणे ही अनेक पिढ्यांची कला. ती कॅमेऱ्यासमोर साधत नाही.

विरोधक काय गप्प बसतात? एकाने व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ फिरवला. १६ जानेवारी २०२५ ला कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगच्या बॅटरी प्रकल्पाला आग लागली आणि हजाराहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली, ती बातमी. व्हिडिओ खरा होता, फक्त खाली ‘आपल्या तालुक्यात’ असे लिहिलेले होते. गृहस्थाने शांतपणे सांगितले की तिथल्या बॅटऱ्या निकेल-कोबाल्टच्या होत्या आणि जुन्या वीज केंद्राच्या इमारतीत खच्चून ठेवलेल्या होत्या. आता लोह-फॉस्फेटच्या वापरतात, त्या इतक्या लवकर पेट घेत नाहीत, आणि उघड्यावर अंतर ठेवून मांडतात. गावाने ऐकून घेतले. पण गावाची खरी धास्ती वेगळीच होती. आमच्याकडे एखाद्याचे बरे चाललेले पाहवले नाही की रात्री त्याच्या चाळीत युरिया टाकतात. आठवड्यात कांद्याचे पाणी होते. तात्यांनी गृहस्थाला बाजूला घेऊन विचारले, ‘‘बॅटरीत युरिया टाकला तर काय होतं?’’ कंपनीच्या जोखमींच्या यादीत भूकंप होता, पूर होता, वीज पडणे होते. भाऊबंद नव्हता.

या सगळ्यात खुद्द विजेचा प्रश्न राहूनच जात होता. त्याच आठवड्यात गावची डीपी जळाली. वायरमन म्हणाला, नवी यायला वेळ लागेल. अंधारात पारावर बसलेल्या मंडळींना अचानक सुचले, की उद्या शेजारी माळावर लाखभर युनिट भरून ठेवलेली असतील, तर आपल्याला चार मिळतील का? गृहस्थाला फोन लावला. तो म्हणाला, ‘‘ती वीज ग्रिडची. तिथून थेट गावाला देता येत नाही.’’ म्हणजे मालाने भरलेली चाळ दारात आणि घरात फोडणीला कांदा नाही. हे दुःख कांदेवाल्याला मुळीच अपरिचित नव्हते. त्यामुळे कुणी रागावले नाही; फक्त करारात एक अट वाढली.

कंपनीचा करार इंग्रजीत होता आणि जाड होता. गावाचा प्रतिकरार वहीच्या एका पानावर मावला. पहिली अट: गावात लाईट गेलेली असेल तेव्हा कंपनीने कुंपणावरचे दिवे विझवावेत, बघवत नाहीत. दुसरी: मुदत संपल्यावर काँक्रीट उखडून माळ मुरूम-गारगोट्यांसह होता तसा परत द्यावा. ही अट पोरांनी गमतीत लिहिली, पण वकील म्हणाला हीच खरी कामाची, बाकीच्या फाडल्या तरी चालतील. तिसरी: भाडे ज्याच्या त्याच्या खात्यात, बहिणींसह. चौथी तात्यांनी सांगितली: ज्या अर्थी नुसती चाळ तयार ठेवल्याचे पैसे मिळतात, त्या अर्थी या गावाने इतकी वर्षे चाळी तयार ठेवल्या त्याची थकबाकी सरकारकडे पडून आहे, ती मिळवून देण्यास कंपनीने मदत करावी. गृहस्थाने पान घडी करून खिशात ठेवले आणि वरच्या साहेबांना विचारून सांगतो म्हणाला.

वरच्या साहेबांचे उत्तर येण्याआधी थोरल्याची नोटीस आली. मूळ वाटणीच अन्यायाची झाली असून, धाकट्याच्या पदरात उत्तम प्रतीची जमीन टाकून आपल्याला विहिरी आणि डाळिंबांवर वाटेला लावले, तरी फेरवाटप व्हावे, असा दावा त्याने दिवाणी न्यायालयात लावला. मधल्याने दोघांच्याही विरुद्ध लावला. राहून जायला नको म्हणून.

गृहस्थाने लॅपटॉप मिटला. कंपनीला तार हवी, रस्ता हवा, सपाट जमीन हवी; ते सगळे इथे आहे, पण वाद असलेल्या जमिनीवर बँक पैसा देत नाही, असे त्याने हात जोडून सांगितले. सबस्टेशनला लागून असलेला दुसरा माळ शोधतो, म्हणाला. फक्त या वेळी आधी मीटर मोजणार नाही. आधी भावाभावांत भांडण नसलेले गाव शोधणार आणि मग तिथून सबस्टेशन किती लांब ते पाहणार.

तात्या त्याला गाडीपर्यंत पोचवायला गेले. दार लावता लावता म्हणाले, ‘‘तसं गाव घावलं तर आम्हालाबी कळवा, साहेब. दोन नाती लग्नाच्या आहेत.’’